तुकाबाबांच्या वेताळाची चाल

जव्हारच्या आमच्या शाळेत तुळशीदास सर इंग्रजी शिकवतात आणि मी गणित. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या कित्येक वर्षं शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त 'व्हेरी' या शब्दाशी त्यांचं हाडवैर.

मुलं निबंधात लिहायची, नदी व्हेरी फास्ट, जीप व्हेरी फास्ट, आजोबा व्हेरी स्लो. सरांच्या कपाळावर आठी. त्यांचं म्हणणं असं की हलण्याच्या नाना तऱ्हा असतात आणि न हलण्याच्याही असतात, मग एकच शब्द सगळ्यांना कशाला जुंपायचा? ते फळ्याच्या मधोमध रेघ ओढत. डावीकडे स्थिर गोष्टींची विशेषणं, उजवीकडे हलत्या गोष्टींची. स्विफ्ट म्हणजे श्रावणातलं दाभोशाच्या धबधब्याचं पाणी. सिरीन म्हणजे त्याच पाण्याचा मार्चमधला डोह. दाभोशाहून येणारी माणसांनी लगडलेली जीप घाट चढते ती लेबर्ड, आणि डेपोत तासभर उभी राहिलेली एसटी स्टेशनरी. मुलं हसायची आणि हसता हसता लक्षात ठेवायची. बोर्डाच्या परीक्षेत आमच्या पाड्यापाड्यांवरच्या पोरांचे निबंध उठून दिसायचे ते या रेघेमुळे.

आम्हालाही सोडलं नाही त्यांनी. मुख्याध्यापकांना मागून 'पाँडरस', म्हणजे जडशीळ, म्हणायचे, मला तोंडावर 'ब्रिस्क', म्हणजे चटपटीत. मी विचारलं, हे कौतुक की टोमणा? तर म्हणाले, विशेषण आहे मॅडम, घालून बघा, बसलं तर तुमचं.

हे सगळं मी हसत सांगतेय खरी. पण यंदाच्या बोहाड्यानंतर सर वर्गात ती रेघ ओढत नाहीत, आणि का ओढत नाहीत ते मला ठाऊक आहे.

सर मूळचे पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. भात आणि नागली पिकवणारं घर. वडील तुकाबाबा, आई हौशीआजी. तुकाबाबांना सही येत नव्हती, पण पाड्यावर त्यांच्या नावाला वजन होतं ते त्यांच्या पायांमुळे. आमच्या भागात होळीनंतर गावोगावी बोहाडा होतो. मुखवटे बांधून देवांची आणि राक्षसांची सोंगं संबळ-सनईवर नाचत निघतात. प्रत्येक सोंगाचा मान एका घराचा, आणि प्रत्येक घराची चाल आपली. दुसऱ्याच्या सोंगाची चाल पायात घ्यायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही, असा त्या पाड्याचा कडक नियम. तुकाबाबांच्या घराकडे वेताळ.

आणि वेताळ थांबत नाही. मंडपातून निघाला की देवळापर्यंत जाऊन परत येईपर्यंत त्याचे पाय हलतेच राहिले पाहिजेत. वाटेत उभा राहिला तर तो गावातच मुक्काम करतो, अशी समजूत. तुकाबाबा ऐन म्हातारपणातही तो जड मुखवटा बांधून असे नाचायचे, की बघणाऱ्या बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. हे मला लोकांनी सांगितलेलं. मी स्वतः कधी पाहिलं नाही, आणि आता कुणीच पाहणार नाही.

ही चाल बोलून शिकवत नाहीत. शिकणाऱ्याने नाचणाऱ्याच्या कमरेच्या शेल्याचं टोक धरायचं आणि मागे मागे चालायचं. चार-पाच वर्षांत पाय आपोआप शिकतात. तुळशीदास सर एकुलते एक. त्यांनी शेला धरायला हवा होता. पण बोहाडा येतो नेमका वार्षिक परीक्षांच्या दिवसांत, आणि सर तेव्हा आश्रमशाळेच्या वसतिगृहात इंग्रजीचे शब्द पाठ करत असायचे. मग कॉलेज आलं, बी.एड. आलं, नोकरी आली, आणि नोकरी आली तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षा आल्या. तुकाबाबांनी एकदाही 'ये' म्हटलं नाही. कुणी टोकलंच तर सांगायचे, पोर शिकतंय, शेला कुठं पळून चाललाय?

सर आपल्या मनाशी तेच म्हणत राहिले. पुढच्या वर्षी. आमच्यात एक म्हण आहे, उद्याचं काम आज, आजचं आत्ता. ती फळ्यावर लिहायला बरी असते.

काही वर्षांपूर्वी मुंबईहून एक मंडळी आली. त्यांना बोहाड्याची फिल्म करायची होती आणि इंग्रजीत समजावून सांगणारा इथलाच माणूस हवा होता. सरांचं नाव निघालं. इतकी वर्षं ज्या बोहाड्याला जायला सवड मिळाली नव्हती, त्याला जायला सरांनी रजा टाकली. महिनाभर तयारी केली. डबा खातानाही तोंडाने पुटपुटणं चालू. गणपती कसा चालतो, भीम कसा, त्राटिका कशी, प्रत्येकाला वेगळं विशेषण. वेताळासाठी त्यांनी सगळ्यात जास्त विशेषणं राखून ठेवली होती.

पाड्यावर सोंगांचं चित्रीकरण करायला बंदी होती, आजही आहे. मोबाईल काढला तर पोरांच्या हातून काढून घेतात. पाड्याचे कारभारी देवजीकाका फिल्मला तयार नव्हते. तुकाबाबांनी तीनदा त्यांच्या अंगणात जाऊन बसून परवानगी आणली, तीही फक्त वेताळापुरती. माझा पोर बोलणार आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

फिल्म झाली, इंटरनेटवर आली. आम्ही सगळ्यांनी स्टाफरूममध्ये एका मोबाईलवर डोकी जुळवून पाहिली. काय इंग्रजी! कुठे अडखळणं नाही, कुठे 'व्हेरी' नाही. मुख्याध्यापकांनी शाल-श्रीफळ दिलं. मी पेढे वाटले. सर लाजले, आणि मग आपली रेघ ओढायला वर्गात गेले.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत तुकाबाबा खळ्यावरच कोसळले. अर्धांगाचा झटका. आधी जव्हारला, मग नाशिकला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सरांनी आईवडील दोघांना जव्हारच्या घरी आणलं. मी भेटायला गेले तेव्हा तुकाबाबा खाटेवर छताकडे बघत पडलेले होते. ते पाय गोधडीखाली होते, आणि गोधडी जराही हलत नव्हती.

फाल्गुनात देवजीकाका आले. चहा घेतला, म्हाताऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरांना पाड्याची रीत सांगितली. सोंग घरातल्याच माणसाने घरच्या चालीने काढायचं. ते जमलं नाही तर मान दुसऱ्या घराकडे जातो. ते घर आपल्या चालीने नाचवतं आणि मान परत फिरत नाही. देवजीकाका वाईट माणूस नव्हेत. त्यांनी हेही सांगितलं की सर नोकरदार आहेत, शहरात राहतात, त्यांनी नको म्हटलं तर कुणी नाव ठेवणार नाही.

सर म्हणाले, मी काढतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी नेहमीच्या सवयीने चेष्टा करायला गेले आणि त्यांचा चेहरा बघून खुर्ची त्यांच्याकडे वळवली. पन्नाशीला टेकलेला माणूस. गुडघे दुखतात म्हणून तासाला खुर्ची घेणारा. पण खाटेवरचे वडील ऐकत असताना त्यांनी शब्द दिला होता, आणि तुकाबाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं होतं. आता मागे फिरणं नव्हतं.

शिकणार कुणाकडून? पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी ती चाल जन्मभर पाहिलेली, पण पायात घेऊन दाखवायला कुणी तयार नाही. नियम म्हणजे नियम. तोंडाने सांगत होते, पण एक म्हणे आधी डावा, दुसरा म्हणे डावा नव्हेच. संबळ वाजवणारा रोहिदास तुकाबाबांबरोबर वर्षानुवर्षं वाजवत आलेला. त्याला ठेका पाठ, पण तो बिचारा म्हणाला, सर, मी वाजवताना त्यांच्या तोंडाकडं बघत व्हतो, पायाकडं नाय. हौशीआजीने बायकांच्या गर्दीत मागे बसून पाहिलेलं. तिला आठवत होता फक्त घुंगरांचा आवाज.

एकदा शाळा सुटल्यावर मी हजेरीपट विसरले म्हणून परत गेले, तर नववीच्या रिकाम्या वर्गात बाकं बाजूला सारून सर उड्या मारत होते. घामाघूम. मला पाहून थांबले आणि फळ्याला टेकले. ते म्हणाले, शब्द सगळे आठवतात मॅडम. रेस्टलेस, लर्चिंग, फेरोशस, सगळे. पण शब्दाला पाय नसतात.

तेव्हा फिल्मची आठवण मला झाली. मला वाटलं मी मोठंच डोकं चालवलं. सर उजळले. त्यांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, कारण ती फिल्म त्यांच्या लेखी त्यांच्या इंग्रजीची होती, वडिलांच्या नाचाची नव्हती. आम्ही लगेच डिजिटल वर्ग उघडला, मोठ्या पडद्यावर फिल्म लावली आणि पुढच्या बाकावर बसलो.

पडद्यावर सर उभे, नवा शर्ट, केस चापून बसवलेले. उजाडत होतं. त्यांच्या खांद्यामागे वेताळ. सरांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा संबळ वाजत होता. पहिल्या वाक्यात त्यांचा आवाज त्यात बुडाला, म्हणून त्यांनी आवाज चढवला. त्याच क्षणी मागे वेताळाने हात वर केला. संबळ बंद झाला, सनई बंद झाली. आणि वेताळ उभा राहिला.

मोबाईलच्या वीतभर पडद्यावर आम्ही सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होतो. मागे काय चाललंय ते एकालाही दिसलं नव्हतं. आता भिंतीएवढ्या पडद्यावर ते दिसत होतं. राष्ट्रगीताला मुलं उभी राहतात तसा वेताळ पाय जुळवून, हात मांड्यांना चिकटवून उभा होता. सर पुढे बोलत होते, हा रेस्टलेस आहे, हा स्विफ्ट आहे, हा क्षणभरही स्टिल राहत नाही. आणि मागे तो शेवटच्या शब्दापर्यंत तसाच. सरांनी 'थँक यू' म्हटलं आणि फिल्म संपली.

 त्यांनी ती पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावायला लागले तेव्हा मी रिमोट काढून घेतला. मग म्हणाले, मला वाटलं होतं फिल्मवाल्यांनी संबळ थांबवला. मी मागे वळून पाहिलंच नाही.

त्या फिल्मवाल्यांना मी फोन केला. मुलगा सभ्य होता, पण कापून उरलेलं चित्रण त्यांनी कधीच पुसून टाकलं होतं.

मी सरांबरोबर त्यांच्या घरी गेले, एकटं सोडवेना म्हणून. हौशीआजी म्हाताऱ्याला पेज भरवत होती. सरांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, बाबा त्या दिवशी का थांबले? आजीने पेजेची वाटी खाली ठेवली. तिला नवल वाटलं ते प्रश्नाचं नव्हे, इतक्या उशिरा विचारल्याचं.

"तुजं आयकू येत नव्हतं ना," ती म्हणाली. "संबळ वाजं, आन् तू वरडं. म्हातारा म्हनला, मी तं दरसाल नाचतंय, पोरगा एकदाच बोलतोय."

मग तिने बाकीचंही सांगितलं, काही न लपवता. वेताळ वाटेत थांबला म्हणून पाड्यावर गहजब झाला. तुकाबाबांनी देवाला कोंबडा दिला, देवजीकाकांसमोर कान धरले, आणि घरी येऊन हौशीला बजावलं की पोराला यातलं काही कळू द्यायचं नाही. पण त्यांना स्वतःला आपला आनंद काही लपवता आला नाही. बाजाराला आले की ओळखीच्या दुकानदाराला थांबवून सांगायचे, आमच्याकडं यंदा वेताळ नाचला नाय, माझा लेक नाचला. आता झटका आल्यापासून पाड्यावर दोन-चार जण म्हणतात, थांबलेला वेताळ गेला कुठे, तो तुकाच्याच अंगात राहिला.

मी तिथल्या तिथे सांगितलं की झटका रक्तदाबाने येतो, गोळ्या घेतल्या नव्हत्या म्हणून आला. गणिताची बाई आहे मी, असल्या गोष्टी मला खपत नाहीत. पण मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं. वेताळाचा हिशोब मी खोडू शकत होते. शेला न धरल्याचा कसा खोडणार?

तुकाबाबा सगळं ऐकत होते. त्यांचा डावा हात गोधडीवर दोनदा आपटला, जाऊ दे म्हटल्यासारखा.

बोहाड्याला मी गेले. सरांनी म्हाताऱ्याला जीपने पाड्यावर आणलं होतं आणि देवळाजवळच्या त्यांच्या जुन्या घरात खाटेवर निजवलं होतं, म्हणजे संबळ कानावर पडेल. वेताळाचं सोंग पहाटे निघतं. तांबडं फुटत असताना मंडपात सरांच्या चेहऱ्यावर तो मुखवटा बांधला गेला. पाड्याची माणसं दाटीने उभी होती. त्यांना हसायचं नव्हतं, त्यांना मनापासून वाटत होतं की जमावं. रोहिदासने संबळाला काठी लावली.

सर निघाले. पहिली काही पावलं बरी गेली. मग ठेका वाढला आणि पाय मागे पडले. मुखवट्याच्या वजनाने मान झुकायला लागली. रोहिदासने न सांगता ठेका कमी केला, तरी पाय मागेच. तो आणखी कमी करत गेला, इतका की सनईवाल्याला सूर धरायला जमेना. क्लम्सी, अनस्टेडी, हे शब्द त्यांनीच मला शिकवले होते, ते माझ्या डोक्यात येत राहिले आणि मला माझाच राग येत राहिला. देऊळ अजून लांब होतं. अर्ध्या वाटेवर सर थांबले. संबळ बंद पडला. सर दोन्ही हातांनी मुखवट्याच्या दोऱ्या सोडू लागले आणि त्या सुटेनात, तेव्हा देवजीकाकांनीच पुढे होऊन सोडल्या.

 देवजीकाकांनी मुखवटा छातीशी धरला, पलीकडच्या आळीतल्या एका घरच्या माणसांकडे पाहिलं, आणि त्या घरातला एक तरुण पुढे येऊन सरांच्या पाया पडला, मग त्याने तो हातात घेतला. त्याने देवळापर्यंत वेताळ नेला. चांगला नाचला तो. पण ती तुकाबाबांची चाल नव्हती हे मला, कधी न पाहिलेलीलाही, बाजूच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवरून कळलं.

सर आणि मी घरात शिरलो. हौशीआजीने चुलीवर तेल कोमट करून ठेवलं होतं. सोंग उतरवून आलेल्याचे पाय घरातल्या थोरल्याने चोळायचे, तेवढा वेळ ते पाय देवाचे असतात, मग नाचणारा नातू असला तरी, असं तिने मला सांगितलं. सर खाटेशी बसले. वडिलांकडे न बघता म्हणाले, "झालं बाबा. नाचलो."

आजीने तेलाची वाटी खाटेवर ठेवली. तुकाबाबांनी डावा हात त्यात बुडवला आणि लेकाच्या पायाकडे नेला. सरांनी झटक्यात पाय ओढून घेतला.

"नको बाबा," ते म्हणाले. "मी नाचलो नाही. मला नाही जमलं. आपला मान गेला."

तुकाबाबांचा हात तसाच पुढे राहिला. बोटांवरून तेल जमिनीवर टिपकत होतं.

"त्याला ठावं हाय," हौशीआजी म्हणाली. "संबळ बंद झाला तवाच आयकलं त्यानं. पाय दे त्याला."

सरांनी पाय पुढे केला. तुकाबाबा एका हाताने तो चोळू लागले, टाचेपासून बोटांपर्यंत, देवळापर्यंत नाचून आलेल्याचा चोळावा तसा. मी दारात उभी होते, मला आत जाववेना आणि बाहेर पडवेना. सर हुंदके देत होते, सगळं अंग गदगदत होतं. पाय तेवढा त्यांनी हलू दिला नाही.